साठीनंतर फादर झालेले लुकस सर

लुकस त्रिभुवन गुलमंडीमागच्या आमच्या गल्लीत, शेजारच्या दोन खोल्यांत राहायचे. कॉलेजात फारसी शिकवायचे. लग्न केलं नव्हतं. कुणी कारण विचारलं तर म्हणायचे, "पुस्तकांनाच जागा पुरेना, बाईला कुठं बसवू?"

पोलीस अ‍ॅक्शन झाली, निजामाचं राज्य गेलं आणि सरांची दुपारची झोप कायमची गेली. कचेऱ्यांत मराठी आली, पण जमिनींचे जुने कागद सगळे उर्दूत. खेड्यापाड्यांतून माणसं कागद कनवटीला लावून यायची. सर ते वाचून दाखवायचे, मराठीत उतरवून द्यायचे, वर चहा पाजायचे. मोबदला घेत नसत. मग लोक दारात भोपळा नाहीतर ताकाचा गडू ठेवून जायचे. सुगंधाबाई नावाच्या धनगर बाईनं तर एकदा जिवंत कोकरूच बांधलं. त्यानं सरांच्या फारसी कोशाची अकरा पानं फस्त केली.

"माझ्या विद्यार्थ्यांपेक्षा याला गोडी जास्त," म्हणत सरांनी ते माझ्या आईच्या, द्वारकाबाईच्या, हवाली केलं.

एकोणसाठच्या उन्हाळ्यात चिकलठाण्याची मनकर्णाबाई भर दुपारी धावत आली. तिचा नवरा पौलस साळवे, पाथरवट, शेवटच्या घटका मोजत होता. चर्चचे फादर लांबच्या खेड्यांत गेलेले, दोन दिवस परतणार नव्हते. सर टांग्यातून तिच्याबरोबर गेले.

पौलसनं त्यांचा हात धरला. "सर, माझी पापं ऐकून घ्या."

"अरे, मी धर्मगुरू नाही."

"नसू द्या. एवढाले कागद वाचता, माझं बी ऐका."

तरुणपणी त्यानं सख्ख्या भावावर दगड उगारला होता. भाऊ त्यानंतर मरेपर्यंत बोलला नव्हता. सरांनी सगळं ऐकलं. देव तुझं ऐकतोय, म्हणाले. सोबत प्रार्थना केली. तरी पौलस त्यांच्या तोंडाकडे बघतच राहिला, आणि बघता बघताच गेला.

घरी आल्यावर सर आमच्या ओट्यावर बसले. आईला म्हणाले, "द्वारकाबाई, त्याला माझ्याकडून एकच वाक्य हवं होतं. तुला क्षमा आहे, एवढंच. ते म्हणायचा मला अधिकार नव्हता."

आठवडाभरानं, मला फादर व्हायचंय, हे सांगायला ते बिशपांकडे गेले. बिशपांनी वय विचारलं. "छप्पन्न," सर म्हणाले.

"अहो, मी तुमच्याहून लहान आहे."

"मग रागवायचं झालं तर संकोच करू नका."

बिशप हसले, पण होकार द्यायला वर्ष लावलं. आईनं मात्र तोंडाचा पट्टा सोडला. "या वयात लोक नातवंडं खेळवतात, आन् तुम्ही दप्तर घेऊन शाळेला निघालात?" बोलता बोलता तिनं त्यांच्या ट्रंकेत लिंबाच्या लोणच्याची बरणी कोंबली.

सेमिनरीत, फादर घडवणाऱ्या त्या शाळेत, सगळे विशी-बाविशीतले. फुटबॉलला सरांना गोलात उभं करायचे. चेंडू आला की सर अदबीनं बाजूला होऊन त्याला वाट द्यायचे. लॅटिनमध्ये मात्र पहिला नंबर. पाच वर्षं त्यांनी ती भाषा घोटली, आणि बासष्टाव्या वर्षी त्यांना दीक्षा मिळाली त्याच सुमारास चर्चमधली मिस्सा, म्हणजे उपासना, लॅटिनऐवजी मराठीत व्हायला लागली.

"एवढं पाठ केलेलं आता कुणाला ऐकवू?" ते हताश होऊन म्हणाले.

"मला नका ऐकवू," आई म्हणाली. पण दीक्षेच्या दिवशी ती नवं लुगडं नेसून पहिल्या रांगेत बसली होती, आणि सगळ्यांत जास्त रडली.

मग वैजापूरकडच्या एका खेड्यात ते नऊ वर्षं, शेवटपर्यंत, फादर होते. कुणी अत्यवस्थ आहे असा निरोप आला की ताटावरून उठायचे. उन्हात, चिखलात चालत जायचे, आणि ते एक वाक्य इतकं सावकाश म्हणायचे की आजाऱ्याला दोनदा ऐकल्यासारखं वाटायचं.

तिथल्या आशाबाईनं तिची गोष्ट सगळ्या गावाला आपणहून सांगितली होती. ती पापनिवेदनाला गेली आणि म्हणाली, "फादर, मी सासूला लई वंगाळ बोलले."

"कोणता शब्द?"

तिनं लाजत सांगितला, "कमजात."

"फारसी आहे," फादर खुशीत म्हणाले. मग भानावर येऊन गंभीर झाले. "प्रायश्चित्त म्हणून आठवडाभर तिच्याशी मराठीत गोड बोल."

आशाबाई बोलली. पुढच्या रविवारी पापनिवेदनाच्या रांगेत तिची सासू सगळ्यांच्या पुढं उभी होती.