बिनमोरचुदाची खळ

बाइंडरबाईंना राग येतच नाही, असं त्यांना ओळखणारे सगळे सांगत. हे साफ खोटं होतं. राग त्यांना चारचौघांसारखाच येई. तो दाराशी येऊन उभा राहिला की त्या त्याला आत घेत नसत, एवढंच. पुस्तकं बांधायचं काम त्या वडिलांकडून शिकल्या आणि नवरा गेल्यावर त्याच कामावर त्यांनी घर चालवलं. पाठ मोडलेली, कसर लागलेली, पानं सुटलेली पुस्तकं लोक त्यांच्याकडे आणून टाकत आणि बाई ती शिवून, चिकटवून, दाबून पुन्हा उभी करत. छत्तीस वर्षांत त्यांच्या हातून कोणाचं एक पान हरवलं नव्हतं. या गोष्टीचा त्यांना गर्व होता, आणि का नसावा?

आता त्यांच्या मैत्रिणीविषयी. ही शाळेत बाईंच्या बाकावर बसायची आणि बाकाचे तीन भाग केले तर त्यातले दोन तिचे असायचे. पुढे आयुष्यभर हीच वाटणी चालू राहिली. तिनं घर बदललं तेव्हा खोकी बाईंनी बांधली. तिच्या नव्या घरात पसारा मावेना, तर तो अकरा वर्षं बाईंच्या माळ्यावर राहिला. तिच्या मुलीच्या परीक्षेचे नकाशे बाईंनी रंगवले. भीड ही भिकेची बहीण, असं जुनी माणसं सांगून गेली आहेत. बाईंना ही म्हण तोंडपाठ होती आणि तिचा उपयोग शून्य होता.

तर ही मैत्रीण एका सोमवारी सकाळी आली ती कुत्रा घेऊनच. मुलीकडे बारा दिवस जायचं होतं.

"तुझ्याशिवाय माझा विश्वास आहे कुणावर?" ती म्हणाली. "आणि तू काय, दिवसभर घरीच असतेस."

घरीच! समोरच्या खोलीत बाईंचं कामाचं टेबल, शिवणीची चौकट, पुस्तकं दाबायचा शिकंजा आणि गिऱ्हाइकांची चळत पडलेली. पण काम घरात केलं की ते काम नसतं, हा जगाचा नियम आहे. बाईंनी मान हलवली. नकार द्यायची जीभ त्यांना देवानं दिली नव्हती.

कुत्र्याचं नाव साहेब. तपकिरी, भरलेल्या अंगाचा, आणि वागणं नावाला शोभेल असंच. सोबत सूचनांचा कागद होता. साहेबांना बंद दार आवडत नाही. गार दूध चालत नाही. झोपताना समोर माणूस दिसावं लागतं. आणि खाली दोनदा रेघ मारलेलं: त्याला 'नाही' म्हणायचं नाही, तो मनाला लावून घेतो.

बाईंची धाकटी नणंद त्यांच्याबरोबर राहायची. पोस्टात काउंटरवर बसून तिची जीभ चांगली धारदार झाली होती. तिनं कागद वाचला.

"वहिनी, कुत्रा आलाय की जावई?"

पहिल्या दिवशी साहेबांनी नणंदेची चप्पल खाल्ली. दुसऱ्या दिवशी पडदा. तिसऱ्या दिवशी पाव आणायला गेलेल्या बाईंना त्यांनी रस्त्यावरून असं फरफटत नेलं की कोण कुणाला फिरवतंय हे बघायला चहावाला बाहेर आला. टपालवाला पत्रं दारात टाकण्याऐवजी खालच्या मजल्यावर ठेवून पळू लागला. बाईंनी फोन केला की मैत्रीण तिकडून सांगे, "त्याला एकटं वाटत असेल. जरा जवळ घे ना." एकदा तर म्हणाली, "फोन त्याच्या कानाला लाव." उंटावरून शेळ्या हाकणं म्हणजे काय ते बाईंना तेव्हा नीट कळलं. फोन कुत्र्याच्या कानाला धरून त्या पाच मिनिटं उभ्या राहिल्या. शिवायला घेतलेलं पुस्तक टेबलावर उघडंच पडलं होतं.

पण या सगळ्याहून महत्त्वाची गोष्ट पहिल्याच दिवशी घडली होती. बाई चिकटवायला खळ वापरत. पीठ पाण्यात शिजवून केलेली, घट्ट. तिच्यात चिमूटभर मोरचूद घालायचं, निळं, कडू आणि विषारी. वडिलांनी हे त्यांना सहाव्या वर्षी शिकवलं होतं. मोरचूद नसेल तर तू पुस्तक बांधत नाहीस, किड्यांना पंगत वाढतेस, असं ते म्हणत. त्या सोमवारी बाईंनी खळ शिजवून खाली ठेवली आणि मोरचुदाची बाटली आणायला वळल्या, तेवढ्यात साहेबांनी अर्धं पातेलं चाटून पुसून लख्ख केलं.

मोरचूद दोन मिनिटं आधी पडलं असतं तर? मैत्रिणीला काय तोंड दाखवलं असतं? बाटली त्यांनी कपाटाच्या सगळ्यात वरच्या फळीवर ठेवली, कुलूप लावलं आणि ठरवलं, कुत्रा असेपर्यंत मोरचूद नाही. छत्तीस वर्षांत पहिल्यांदा बाईंनी बिनमोरचुदाची खळ वापरली. मनाला टोचत होतं, तरी वापरली. एका कुत्र्याच्या जिवासाठी.

त्याच आठवड्यात शिकंज्याशेजारी तीन जुन्या वह्या होत्या. त्या मोठ्या सिस्टरांच्या. या बाई बाळंतपणाच्या दवाखान्यात सुईण होत्या, चाळीस वर्षं. हातून झालेलं प्रत्येक बाळंतपण त्यांनी वहीत लिहिलं होतं: तारीख, आईचं नाव, मुलगा की मुलगी, वजन, आणि शेवटी एक शब्द. 'रडलं.' आता त्यांची नजर गेली होती आणि वह्यांची पानं सुटत होती. "तिन्ही एकत्र बांध," त्या म्हणाल्या होत्या. "मला दिसत नाही. पण हातात धरायचंय."

बाईंनी ते काम इतर सगळ्या कामांच्या पुढे घेतलं. नवव्या दिवशी सकाळी वह्या शिवून झाल्या. पाठीला खळ लावली, दोन फळ्यांमध्ये घालून वर लोखंडी वजन ठेवलं आणि पुठ्ठ्यावर चढवायला कापड आणायला त्या गेल्या. नणंद पोस्टात होती. साहेबांना स्वयंपाकघरात टेबलाच्या पायाला दोरीनं बांधलं होतं. वीस मिनिटांचं काम.

परत आल्या तेव्हा दोरीचे दोन तुकडे झाले होते, वजन जमिनीवर होतं आणि साहेब पुढच्या दोन पायांत वही धरून पाठ खात होते. पाठ संपली होती. शेवटची सोळा पानंही संपत आली होती.

बाईंनी त्याचा जबडा दोन्ही हातांनी उघडला. आतून जे निघालं त्यावर एक अक्षर वाचता येत नव्हतं. तळपायाची आग मस्तकात गेली, आणि या वेळी राग दाराशी थांबला नाही. त्या ओरडल्या. काय ओरडल्या ते त्यांना नंतर आठवलं नाही, पण खालच्या मजल्यावरचं माणूस वर येऊन बघून गेलं. साहेबांनी शेपूट हलवलं. कुणी आपल्यावर ओरडतं ही गोष्टच त्यांना माहीत नव्हती.

त्यांनी मैत्रिणीला फोन केला.

"अगं, त्यानं वही खाल्ली. सोळा पानं."

"खाल्ली? पोटात गेली?" मैत्रीण किंचाळली. "शाई विषारी असते का गं? आणि तुझ्या त्या खळीत काय असतं?"

"काही नव्हतं खळीत."

हे बोलता बोलताच बाईंच्या लक्षात आलं. वडिलांच्या दुकानात उंदीरसुद्धा बांधलेल्या पुस्तकाला तोंड लावत नसत. कडू लागायचं. बाईंनीच मोरचूद काढून घेतलं आणि सिस्टरांची वही कुत्र्याला जेवण म्हणून वाढली. आपल्या हातानं आपल्या पायावर धोंडा!

"लगेच डॉक्टरकडे ने त्याला," मैत्रीण म्हणाली. "लगेच हं!"

आणि बाई गेल्या. याचा राग त्यांना पुढे कित्येक महिने येत राहिला. तासभर बाकावर कुत्रा धरून बसल्या. डॉक्टरांनी पोट दाबून बघितलं आणि हसून सांगितलं, "काळजी करू नका, कागद पचेल."

दुसऱ्या दिवशी उरलेली वही कापडात गुंडाळून त्या सिस्टरांकडे गेल्या. सांगायचं ते सरळ सांगितलं. सिस्टरांनी वही मांडीवर घेतली आणि पानांच्या कडेवरून अंगठा फिरवत शेवटापर्यंत नेला.

"शेवटची दोन वर्षं," त्या म्हणाल्या.

"हो."

"त्यातली बरीच आता मोठी झाली असतील. हिंडत असतील कुठे कुठे. त्यांना वहीची काय गरज?" सिस्टरांनी अंगठा पाठीच्या उघड्या दोऱ्यांवर ठेवला. "दोन रडली नव्हती. त्यांची नावंही ठेवली नव्हती कुणी. ती फक्त माझ्या वहीत होती."

"तुम्ही सांगा, मी लिहून घेते," बाई म्हणाल्या.

"तारीख नाही आठवत गं. आईचंही नाव नाही. आठवलं असतं तर लिहून कशाला ठेवलं असतं?"

सिस्टर रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बाईंना बरं वाटलं असतं. त्यांनी वही उशीशेजारी ठेवली. "आता राहू दे," म्हणाल्या, "अशीच असू दे."

घरी आल्यावर बाईंनी बाटली खाली काढली. त्या नऊ दिवसांत बांधलेली सात पुस्तकं उसवली, पाठी खरवडल्या आणि मोरचूद घातलेल्या खळीनं पुन्हा चिकटवायला घेतली. खोलीचं दार बंद. साहेब बाहेरून दार ओरबाडत राहिले. नणंदेनं सूचनांचा कागद चुलीत घातला.

तेराव्या दिवशी मैत्रीण आली. दारातच गुडघ्यांवर बसून तिनं कुत्र्याला मिठी मारली.

"किती वाळलास रे! काय हाल झाले माझ्या बाळाचे!" मग वर बघून, "अशी का उभी आहेस? वहीचं मनाला लावून घेतलंस होय? अगं, नवीन चांगल्यातली चांगली वही आणून देते मी."

"त्यात काय लिहिलं होतं, ते विचार ना मला," बाई म्हणाल्या. "चार दिवसांत चार फोन केलेस. एकदा तरी विचारलंस?"

"तू ओरडतेस काय अशी? एका कुत्र्यापायी इतक्या वर्षांची मैत्री—"

"कुत्र्याला काय कळतंय! मी तुला सांगतेय. आत्ता विचार. मी इथंच उभी आहे."

नणंद स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली. मैत्रिणीनं बाईंकडे बघितलं, नणंदेकडे बघितलं. मग कुत्र्याच्या कानामागं खाजवत ती उठली.

"पट्टा कुठं ठेवलायस त्याचा?" तिनं विचारलं.

बाईंनी पट्टा खुंटीवरून काढून तिच्या हातात दिला, आणि ती जिना उतरायच्या आत दार लावून घेतलं.