बहिणींसाठी थांबलेली गाडी

आमच्या शेताच्या बांधावरून स्टेशन दिसायचं. पत्र्याची एक खोली, तिला लागून मास्तरांचं घर आणि पुढं मुरमाचा फलाट. सकाळी हिंगोलीहून पूर्णेकडं जाणारी गाडी अन् संध्याकाळी तीच परत, एवढीच वर्दळ. निजामाचं राज्य होतं. मी लग्न होऊन नुकतीच आले होते, मास्तरांकडं रोज दूध घालायला जायचे.

मास्तर हैदराबादकडचे मुसलमान. बायको माझ्याच वयाची, पडद्यातली. बोलायला माणूस नाही. ती मला बहन म्हणायची, मी तिला बीबी. तिची दखनी, माझी मराठी, पण आमचं कधी अडलं नाही.

बीबीला मुलगी झाली, त्याच महिन्यात हिंगोलीत दिलेल्या तिच्या बहिणीच्या नवऱ्याची बदली झाली. दोघं सकाळच्या गाडीनं कायमची हैदराबादला निघणार होती. बाळंतिणीचे चाळीस दिवस भरले नव्हते, त्यामुळं बीबीला हिंगोलीला जाता येईना. आणि गाडी आमच्याकडं थांबायची दोन मिनिटं.

"मास्तरांना म्हनावं, जरा ज्यादा थांबवा," मी सुचवलं.

"बोली मैं. बोलते, कानून सबके वास्ते एकच है."

त्या सकाळी मी पुढच्या स्टेशनचं तिकीट काढलं अन् वांग्यांची पाटी घेऊन गार्डाच्या डब्याजवळ उभी राहिले. गाडी आली. बीबी लेकरू छातीशी धरून धावली. डब्याच्या दारातूनच बहिणीनं लेकरू उचलून घेतलं. दोघी नुसत्या रडत होत्या.

मास्तरांनी हिरवी झेंडी उचलली, तशी मी पायरीवर पाय ठेवता ठेवता पाटी सोडून दिली. फलाटभर वांगी झाली.

"अगं बाई! थांबा हो, माझी वांगी!"

मी एकेक वांगं उचलून, पदरानं पुसून पाटीत ठेवू लागले. गार्ड ओरडला, "बाई, काय करून राहिल्या?"

"कष्टाचा माल हाय दादा, टाकू कसा?"

डब्यातली माणसं मदतीला उतरली, तेव्हा मात्र मी घाबरले. इतक्या लवकर वेचून कसं चालेल? मी मास्तरांकडं पाहिलं. त्यांनी माझ्याकडं पाहिलं, मग बायकोकडं, अन् झेंडी खाली घेतली.

"पहिये के नीचे भी देखने दो," ते गार्डाला म्हणाले. "जल्दी नक्को."

बहिणी आता बोलू लागल्या होत्या. काय ते मला ऐकू आलं नाही. पण बीबी हसली, एवढं दिसलं.

संध्याकाळच्या गाडीनं मी परतले. सासूबाई दारातच म्हणाल्या, "काहून गेलतीस?"

"वांगी विकाया."

"मंग माघारी आन्लीस काहून?"

"कोणी घेतलीच न्हाईत, चेपलेली व्हती."

निजामाचं राज्य गेलं, त्या वर्षी मास्तर गाव सोडणार असं कळलं. जायच्या आदल्या दुपारी बीबी मुलीचं बोट धरून शेतातून चालत आमच्या घरी आली. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच. सासूबाईंनी तिला पाट दिला. मी तव्यावर भाकरी टाकली, अन् आम्ही दोघी चुलीपाशी बसून जेवलो.