पुढची सीट

सेकंडहँड का होईना, गाडी दारात आली आणि पुढची सीट मी मनातल्या मनात माझ्या नावावर करून टाकली. लग्नानंतरची सगळी वर्षं नवऱ्याच्या मोटरसायकलवर मागे बसून काढली. समोर दिसायची ती त्याची पाठ, नाहीतर रेनकोटची टोपी. आता त्याला दिसेल तेवढाच रस्ता मलाही दिसणार होता. एवढंच हवं होतं मला.

पहिली सहल फणसाडची ठरली. मुरूडजवळचं अभयारण्य, जंगलही बघून होतं आणि समुद्रही. नवरा औद्योगिक वसाहतीत केमिकल कंपनीत शिफ्टला जातो, त्याची सुट्टी फिरती. त्या महिन्यात ती रविवारी येत होती आणि शनिवारची पाळी त्याने कुणाशीतरी बदलून घेतली. शनिवारी पहाटे महाडहून निघायचं, जंगलात शेकरू दिसतं का बघायचं, मुरूडला मुक्काम, रविवारी समुद्र. तिखटमिठाच्या पुऱ्या करायच्या हेही मी ठरवून टाकलं. जेवता जेवता नवरा म्हणाला, ताईलाही घेऊ. आणि त्याच दमात पुढे म्हणाला, तिला गाडी लागते, ती पुढे बसेल.

माझी नणंद पोलादपूरच्या पुढे, कशेडीच्या पायथ्याच्या एका वाडीत राहते. सासूबाई गेल्या तेव्हा नवरा शाळेतही जात नव्हता, हिनेच त्याला वाढवलं. हे मी लग्न ठरल्यापासून ऐकत आले आहे आणि ते खरंही आहे. म्हणून माझं जळणं थांबतं असं नाही. भाकरी करावी ती ताईने, वालाची उसळ खावी ती ताईच्या हातची. ताप आला तरी हा माणूस आधी तिला फोन करतो. मला तिचा हेवा वाटतो, सरळच सांगते. आणि आता सीटही तिचीच.

ज्याला गाडी लागते त्याचा पुढच्या जागेवर पहिला हक्क, हे आमच्याकडे न बोलता ठरलेलं. एसटीतसुद्धा लोक मुकाट्याने उठून पुढची जागा देतात. त्यामुळे भांडायची सोय नव्हती. मग मी कामाला लागले. मेडिकलमधून उलटीच्या गोळ्या आणल्या. आवळासुपारी आणली, लिंबं आणली. म्हसळ्याकडून घाट लागतो, त्यापेक्षा तळा गावावरून जाऊ, तिकडे वळणं कमी असं कुणीतरी सांगितलंय, असा धोशा लावला. गाडी लागलीच नाही तर मागे बसायला काय हरकत आहे, हा माझा हिशेब. नवऱ्याला मात्र वाटलं, मी ताईची केवढी काळजी घेते. तसं त्याने कौतुकाने बोलूनही दाखवलं, तेव्हा तर माझा आणखीनच तिळपापड झाला.

शुक्रवारी संध्याकाळी नणंद आली. पिशवीत तांदळाचं पीठ आणि काखेत जुन्या पेपरांची घडी. पेपरावर बसलं की गाडी लागत नाही, अशी तिची पक्की समजूत. सामान कसं मावतंय ते बघायला नवऱ्याने आम्हाला गाडीत बसून बघायला सांगितलं. त्याने तिचा पेपर पुढच्या सीटवर नीट पसरला. मी त्याच दाराला हात लावून उभी होते. हात काढायचं मला सुचलं नाही, किंवा काढायचा नव्हता. नणंदेने माझ्या हाताकडे पाहिलं, मग माझ्याकडे. तिने पेपर उचलला आणि मागचं दार उघडलं.

"तू बस गो पुढं," ती म्हणाली. "मना काय, पेपर हाय."

नवरा म्हणाला, तुला त्रास होईल. ती म्हणाली, नाय होत.

मी बसले. गाडी जागची हलणार नव्हती, तरी पट्टासुद्धा लावला. काचेतून आमची गल्ली, कोपऱ्यावरचं किराणा दुकान, सगळं रुंद दिसत होतं. मला जिंकल्याचा आनंद झाला आणि त्याची अजिबात लाज वाटली नाही.

नवरा शेजारी येऊन बसला. मला वाटलं, तो काहीतरी म्हणेल. त्याने हात वर केला आणि मधला आरसा हळूहळू खाली वळवत नेला, नणंदेचा चेहरा त्यात येईपर्यंत.

"आता दिसतेस," तो तिला म्हणाला. "मळमळलं तर बोलू नकोस, नुसती माझ्याकडे बघ."

त्याचं कोपर माझ्या दंडाला लागत होतं, इतकी मी त्याच्या जवळ बसले होते.