भावजींचं अर्धं वाक्य

मुलांनो, 'व्हेरी' हा शब्द जन्मात एकदाही न वापरता इंग्रजी बोलणारा माणूस सगळ्या रत्नागिरीत एकच झाला, आणि तो आमच्या शेजारी राहत होता. तुमच्या आजोबांचे हे मावसभाऊ. मी त्यांना भावजी म्हणत असे. कोर्टातली कारकुनी संपवून ते घरी बसले होते आणि नुसतं 'व्हेरी हॉट' म्हणणं त्यांना आळशीपणाचं वाटे. "किती हॉट ते सांगा की वहिनी! टू हॉट टू ड्रिंक, की कूल इनफ टू ड्रिंक?" असं विचारून ते मी दिलेला चहा पुढ्यात ठेवून बसत. चर्चा संपेपर्यंत तो निवे, आणि मग 'टू कोल्ड टू ड्रिंक' म्हणून परत येई. दारावरच्या मासेवालीला त्यांनी "टू स्मॉल टू फ्राय" म्हणून इतक्यांदा परत पाठवलं, की शेवटी तीच टोपली उतरवताना ओरडली, "भाऊ, आज बांगडे इनफ हायत! आता नको म्हनू नका!" त्या दिवशी भावजींनी घासाघीस केली नाही.

त्यांचा खरा राग अर्ध्या 'सो'वर. "'सो' म्हटलंत की पुढे 'दॅट' हवंच," ते बजावत. "नाहीतर ते अंगणाच्या बेड्याच्या काठ्या न लावता निघून जाण्यासारखं. गुरं शिरतात." स्वतःच्या बेड्याच्या, म्हणजे अंगणाच्या फाटकाच्या, आडव्या काठ्या ते येता-जाता तपासत.

ऐंशीनंतरची ती वर्षं. तुमचे बाबा तेव्हा शाळेत होते. भावजींच्या घरात ते आणि त्यांची मुलगी सुमन, दोघंच. तिची आई आदल्या वर्षी गेली होती. सुमनला मुंबईला नर्सिंगला प्रवेश मिळाला आणि भावजींनी निकाल दिला, "शी इज टू यंग टू लीव्ह होम." ती माझ्या स्वयंपाकघरात येऊन रडली. "काकू, सोमवारी हजर झाले नाही तर जागा जाईल. बाबांना तुम्हीच सांगा ना."

मी गेले. म्हटलं, "भावजी, आईचं एवढं दुखणं तिनं एकटीनं काढलं. तेव्हा नव्हती का हो टू यंग?"

भावजी उठून काठ्या तेवढ्या तपासून आले. दुसऱ्या दिवशी त्यांच्या अंगणात ट्रंक उन्हाला ठेवलेली दिसली. "वहिनी, वाक्य चुकलं होतं," ते म्हणाले. "शी इज ओल्ड इनफ टू गो."

एस.टी. स्टँडवर मी त्यांच्याबरोबर गेले. सुमन खिडकीशी बसली. भावजींनी खिडकीचा गज धरला. "सुमन, द हाउस विल बी सो क्वाएट..." कंडक्टरनं दोनदा घंटी ओढली आणि गाडी निघाली. मी 'दॅट'ची वाट पाहत उभी. भावजींनी चष्मा पुसला. म्हणाले, "चला वहिनी, ऊन फार आहे." किती फार, ते मी विचारलं नाही.

परत आलो तर बेड्याच्या काठ्या खाली पडलेल्या आणि कुणाची तरी गाय त्यांची अबोली खात उभी. निघताना ते काठ्या लावायलाच विसरले होते. त्यांनी तिला हाकललं नाही. पायरीवर बसून बघत राहिले.

तुम्ही फोनवर "आजी, मिस यू सो मच" म्हणता आणि ठेवता. पुढचं यायचं असेल म्हणून मी रिसीव्हर थोडा वेळ कानाशी तसाच धरते.