नसलेल्या टेबलाची कड

डोळ्यांवर चढवला की आभासी जग दाखवणारा माझा व्हीआर हेडसेट संगणकाच्या लिनक्स प्रणालीवर नीट चालत नव्हता, म्हणून कोथरूडच्या शनिवारच्या लिनक्स-मेळाव्यात घेऊन गेलो. तिथल्या पांढऱ्या केसांच्या गृहस्थांनी नावही विचारलं नाही. "तक्रार नंतर. आधी एरर दाखवा," म्हणाले.

दोन तास ते कोड बदलत होते. दर बदलानंतर रुमालाने काचा पुसून हेडसेट माझ्याच हातात द्यायचे.

"आतलं टेबल खोल दिसतंय की सपाट?"

"सपाटच. तुम्ही बघा ना एकदा."

"अहो, माझा एक डोळा लहानपणीच गेलाय. मला सगळंच सपाट दिसतं. तुम्ही सांगायचं."

पाचव्या वेळी मी नकळत हात पुढे केला आणि हवेतच टेबलाची कड धरायला गेलो.

"दिसलं मला," ते समाधानाने म्हणाले आणि तो बदल त्यांनी सगळ्यांसाठी नेटवर टाकला.