गडग्यावरचे नारळ

कामाच्या वेळी बाबा कधी फोन करत नाहीत. त्या सकाळी केला. म्हणाले, "रेजिनाबाय गेली गो..." मग म्हणाले, "काल ठेवललो नारळ अजून गडग्यारच आसा."

गावी, आरोंद्याला, आमच्या आणि शेजारच्या रेजिनामावशीच्या परसांमध्ये चिऱ्यांचा गडगा, म्हणजे बुटकी भिंत, आहे. आमच्या एका खोलीत आम्ही पाच माणसं, म्हणून बारावीपर्यंतचा माझा सगळा अभ्यास तिच्या घरच्या ओसरीवर झाला. आमच्या घरातली मी पहिली पदवीधर, आणि त्यात तिच्या ओसरीचा वाटा मोठा. मी कॉलेजात असताना मात्र एका पावसाळ्यात तिच्या माडांखालचे नारळ नाहीसे होऊ लागले. रागाच्या भरात ती मासळी बाजारात सगळ्यांसमोर बोलून गेली, "शेजारी चोर आसा माझो, शंकर!" शंकर म्हणजे माझे बाबा. त्यांनी तिच्याशी बोलणं सोडलं. मला मात्र म्हणाले, "भांडण माझां. तू जा तिच्याकडे."

पाऊस सरल्यावर मावशी परसामागच्या व्हाळात उतरली, तर केवड्याच्या जाळीत नारळ अडकलेले. पावसात ओढ्याच्या पाण्याबरोबर वाहत गेलेले, काहींना कोंब फुटलेले. ती तिथेच दगडावर बसून राहिली.

त्यानंतर रविवारी, गुडघे दुखतात म्हणून तिला सोबत करायला, मी चर्चमध्ये मिस्साच्या प्रार्थनेला जायची, तेव्हा एक गोष्ट लक्षात आली. प्रसाद घ्यायला सगळे रांगेत उठायचे, मावशी बाकावरच. पुढच्या रविवारीही तेच. मी विचारलं, "पाद्रींपुढे कुमसार करून सगळं कबूल केलंस ना? त्यांनी माफ केलं ना?"

"पाद्रीन केल्यान. देवानय केल्यान," ती म्हणाली. "पण बाजाराक अजून शंकर चोरच वाटता. तो तसो आसताना मी तोंड उघडून प्रसाद कसो घेव?"

तिला धीर होत नव्हता, हेही मला दिसत होतं. टोपली घेऊन बाजाराच्या तोंडापर्यंत जायची आणि परत फिरायची. घरी भाजीच करायची. एका शनिवारी मात्र ती आत गेली आणि जिथे बोलली होती तिथेच उभी राहिली. "ऐका गे बायांनो! हय उभी रवान मी शंकराक चोर म्हटलंय. तो चोर नाय. मी खोटां बोललंय."

कुणीतरी हसून म्हणालं, "गे रेजिना, मासे घेतंस की मिस्सा सांगतंस?"

"दोनय. आदी ह्यां, मगे बांगडे."

दुसऱ्या दिवशी, रविवारी, ती प्रसादाच्या रांगेत उभी राहिली. बाजारातली गोष्ट बाबांच्या कानावर गेली. सोमवारी आमच्या बाजूला पडलेला तिच्या माडाचा नारळ त्यांनी उचलून गडग्यावर ठेवला आणि हाक मारली, "रेजिनाबाय, नारळ ठेवलंय गो!" पलीकडून आवाज आला, "बघलंय रे!" पुढे इतकी वर्षं हेच चाललं.

मी तिच्या धर्माची नाही. तिची श्रद्धा मला कळली ती बाजारातच. कुणाविषयी कुजबूज सुरू झाली की ती थांबायची, स्वतःशीच पुटपुटायची, "मी बघूक नाय ता", आणि मासे निवडू लागायची. कितीदा तरी जिभेवर आलेला शब्द तिला गिळताना मी पाहिलं आहे. एकदा म्हणाली, "रविवार सोपो गो. सोमवार ते शनवार कठीण." आता वाटतं, रविवारी ती ज्या शांत चेहऱ्याने परत यायची, तो चेहरा तिने आठवडाभर असा थोडा थोडा कमावलेला असायचा.

गेल्या आठवड्यात घरी गेले. मावशीचा मुलगा मुंबईला, दाराला कुलूप. गडग्यावर नारळांची रांग. मी म्हटलं, "बाबा, हे आत आणूया का? वाया जातील."

"आपले न्हय ते," बाबा म्हणाले.

तेवढ्यात परसात धप्पकन आवाज झाला... बाबा उठले.