झिरो लावून ठेवा

अक्षर वाकडं आहे आणि ऱ्हस्व-दीर्घ चुकतं, त्याची आधीच माफी मागते. शाळा चौथीपर्यंतच झाली. वही माझ्यापुरतीच आहे, पण उद्या मुलीने उघडली तर तिला कळावं म्हणून सोपं करून लिहिते.

एका सोमवारी सकाळी मला काम शिकवणारे अभिजित सर वर्कशॉपच्या डार्क रूममध्ये दुर्बिणीला डोळा लावून उभे होते. मग म्हणाले, "शालनताई, हे काय झालंय?"

मी पाहिलं. हिरव्या चित्राच्या मधोमध मोहरीएवढा काळा ठिपका. काच पुसली. ठिपका तसाच.

आमचं वर्कशॉप इथे परदेशात, वन-नॉर्थ नावाच्या भागात आहे. आम्ही चार माणसं. नाइट व्हिजनचे क्लिप-ऑन जोडतो. क्लिप-ऑन म्हणजे अंधारातला जरासा उजेड गोळा करून मोठा करणारी नळी. ती दिवसाच्या दुर्बिणीच्या तोंडावर टोपणासारखी बसवली की तीच दुर्बीण रात्री चालते. जंगलात घुबडं मोजणारे लोक घेऊन जातात. मी आधी तिथे साफसफाई करायचे. माझा हात स्थिर आहे म्हणून सरांनी जोडणी शिकवली. रिंग बसवायची, स्क्रू सारखे आवळायचे, नळी सरळ बसली का बघायचं. पुढचं ते स्वतः करायचे.

त्या आधीच्या शुक्रवारी दुपारी त्यांना तांजोंग पगार भागात क्लायंटकडे जायचं होतं. डार्क रूममध्ये एक क्लिप-ऑन स्टँडवर चालूच होतं. बॅग उचलता उचलता ते म्हणाले, "ताई, मी तिकडूनच घरी जाईन. तेवढा झिरो लावून ठेवा."

झिरो म्हणजे कोणता, हे विचारायला मी लाजले. तोवर ते लिफ्टमध्ये.

आमच्याकडे झिरो म्हणजे झिरोचा दिवा. झोपताना लावतात तो. रात्रीच्या यंत्राला रात्रीचा दिवा, यात मला काही वावगं वाटलं नाही. खालच्या दुकानातून छोटा दिवा आणला. समोरच्या भिंतीवर सॉकेट होतं, त्यात लावला आणि पासिर रिसला घरी गेले. शनिवार, रविवार ती नळी दिव्याकडे टक लावून बघत राहिली. एकाच जागी सतत उजेड पडला की नळी तिथे जळते. हे मला माहीत नव्हतं.

"दिवा?" सर म्हणाले. "झिरोचा दिवा?"

"तुम्हीच म्हणालात ना, लावून ठेवा."

सर मटकन स्टुलावर बसले.

मिस्टर लिम, वर्कशॉपचे मालक, आवाज ऐकून आत आले. सरांनी सगळं सांगितलं. मालकांनी एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा दिव्याकडे. "आयो! यू से झिरो, शी पुट झिरो. देन आय स्कोल्ड हू?"

नळीची किंमत तेव्हा पहिल्यांदा ऐकली. माझ्या तीन पगारांच्या वर. नोकरी गेली असंच धरलं आणि एप्रन काढून घडी घालायला लागले.

"तो घाला परत," सर म्हणाले. "नळीचे पैसे मी भरतोय. न शिकवता हुकूम सोडला तो मी."

ठिपका बघून बसला नव्हता एवढा धक्का मला हे ऐकून बसला.

"अर्धे माझे," मी म्हणाले. वर्कशॉपमध्ये एवढ्या मोठ्याने मी कधीच बोलले नव्हते.

"ताई, वेड लागलंय का?"

"मी विचारलं नाही. त्याचे अर्धे."

घरी आमचे मिस्टर म्हणाले, "मागितले नाहीत तर देतेस कशाला?" मी भाकरी थापत राहिले.

त्याच आठवड्यात सरांनी मला खरा झिरो शिकवला. आधी नुसती दुर्बीण. तिच्यातली फुली समोरच्या सुईच्या टोकाएवढ्या मंद दिव्यावर धरायची. मग क्लिप-ऑन चढवायचं. मी चढवलं आणि ती दिव्याची ठिणगी फुलीवरून उडून बाजूला गेली. मी दचकले. "सर, मी कशालाच हात लावला नाही!"

"माहितीये. नळी चित्र जरा सरकवते. ते परत फुलीवर आणायचं, याला झिरो म्हणतात."

दुर्बिणीच्या फुली सरकवणाऱ्या खुंट्यांना अजिबात हात लावायचा नाही. क्लिप-ऑनवर दोन बारीक स्क्रू असतात, तेच केसभर फिरवायचे. एक आडवं हलवतो, एक उभं. जमलं की क्लिप-ऑन काढून पुन्हा चढवायचं आणि पुन्हा बघायचं. खोलीतला मोठा लाइट लावण्याआधी नळी बंद आणि तोंडावर झाकण. पहिल्यांदा मला अख्खी दुपार लागली. आता अर्ध्या तासात होतं.

न कळलेलं काम मी आता करत नाही. आधी विचारते, वाटलं तर दोनदा विचारते. लोक वैतागतात. वैतागू देत, नळी फार महाग आहे.

पगार झाला की दर महिन्याला सरांना पाकीट द्यायचे. पहिली दोन त्यांनी टेबलावरच ठेवून दिली. मी उचलून त्यांच्या बॅगेत घातली. तिसऱ्यापासून मुकाट्याने घ्यायला लागले. गेल्या शुक्रवारी शेवटचं दिलं. "मोजत नाही, ताई," म्हणाले. मी मोजायला लावले. बरोबर भरले. माझे अर्धे पूर्ण फिटले.